राखीनंतरची सही

प्रिय भाई किरीट,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी घाईत असल्याचं नाटक केलं. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, म्हणून लिहायला बसले. सुरतला सगळे मजेत असतील. इथे तुझ्या भाऊजींचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा जास्त ते स्वतः.

आपल्या शेतावर बिल्डरचा बोर्ड लागला. चौदा मजल्यांचे चार टॉवर, आणि चित्रात हिरवळीवर पळणारी गोरीगोमटी मुलं. खरी मुलं त्याच बोर्डाखाली क्रिकेट खेळतात. खांबाचाच त्यांनी स्टंप केलाय. आपण अजून शेत म्हणतो खरं, पण बापुजी गेल्यापासून तिथे बाजरीचं एक कणीस उगवलेलं नाही. चारी बाजूंना सोसायट्या उठल्या, बडोद्याच्या या टोकाला मोकळी उरली ती एवढीच जागा. नवरात्रात गरबा तिथेच होतो, उन्हाळ्यात आम्ही बायका तिथेच पापड वाळत घालतो. माझ्या शेजारच्या ललिताबेनच्या मिस्टरांना लकवा झाला होता. ते रोज सकाळी निवडुंगाच्या कुंपणाच्या कडेने पाय ओढत एक फेरी पूर्ण करतात, आणि ती दारात उभी राहून बघत असते. रस्त्यावर त्या माणसाला कोण चालू देईल? नळाला आत्ताच धड पाणी येत नाही, त्यात आणखी चार टॉवर.

इथे बाग व्हावी म्हणून आम्ही बायकांनीच कंबर कसली. महापालिकेला द्यायचं निवेदन लिहिलं, बैठक भरवली, चहा-गाठिया झाले, आणि पहिली सही मी ठोकली, अगदी ऐटीत. ललिताबेन पेन हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "दक्षाबेन, आज इथे सही केलीत. राखीला भाऊ आला की त्याच्याही कागदावर कराल. मग आम्ही कुठली खरी धरायची?"

तिने टोमणा मारला असता तर मीही दोन सुनावल्या असत्या. पण ती साधेपणाने विचारत होती. बहीण भावासाठी हक्क सोडते, त्यात विचार कसला करायचा, असंच सगळ्यांनी धरलेलं होतं. मीसुद्धा. आणि तूही, नाहीतर माझी सही व्हायच्या आत बोर्ड लागला नसता. "राखीला येतो, मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ," असं तू म्हणालास तेव्हा जणू मंदिरात जायचं होतं.

आपल्या फोईने, बापुजींच्या सख्ख्या बहिणीने, हिस्सा मागितला होता. त्यानंतर तिचं नाव घरात निघालं नाही, तिच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून बापुजी उभे राहिले नाहीत. तू तेव्हा लहान होतास, मी नव्हते. त्यामुळे मला भीती वाटते, किरीट, खूप वाटते. माझ्या माहेरात आता तुझ्याशिवाय आहे कोण?

तरी ऐक. मी हक्क सोडणार नाही. मला त्यातला पैसा नको. माझा हिस्सा मी बागेसाठी महापालिकेला देणार, आणि तुझाही दे म्हणून तुझ्या मागे लागणार. आज निवेदन देताना माझ्या नावापुढे मी 'जमिनीची वारस' असं लिहून आले. हे तुला बिल्डरच्या माणसाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. राखीला ये. कागद सुरतलाच ठेव आणि नेहमीसारखा दोन दिवस राहा. भांडायचं असेल तर समोर बसून भांड, मी जेवायला वाढता वाढता ऐकून घेईन. तू आला नाहीस तर मी रडेन, आणि डोळे पुसून महापालिकेत जाईन.

तुझीच,
दक्षाबेन