दहाव्या ढालीपूर्वीची निरवानिरव

माझ्या हाताने केलेल्या वस्तू प्रथम लिहितो, कारण वडिलांचे कोणते आणि माझे कोणते यावरून मागाहून वाद नको.

राहत्या घराचा माळा, ऐनाच्या तुळयांसह. ओटीवरचा झोपाळा. शिवणीच्या लाकडाची पेटी, जिच्यात महाडच्या जत्रेतली हुतूतूची फिरती ढाल राहते. आत लाल मखमल, बिजागऱ्या पितळी, बाहेरून एकही खिळा दिसत नाही. मैदानावर फिरवायचा रूळ. फक्कीच्या रेषा मारायचा चाकाचा डबा. गुणांची फळी, तिचे आकडे दोरीने फिरतात. खुद्द मैदान, म्हणजे घरामागचे भाताचे खाचर, जे मी भरून काढले, वर चाळलेला मुरूम ठोकला आणि शेणकाल्याने सारवून हुतूतूसाठी तयार केले. यातले काहीही मला कोणी शिकवले नाही. आमच्या घरात कोणी सुतार नव्हता. अक्षरेसुद्धा मी मोठेपणी, कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकांच्या पाट्यांवरून लावली.

आणि आमचा संघ. तोही हाताने केला असे लिहिता येईल का, म्हणून महाडला वकिलांना विचारले. ते हसले. मी लिहिले आहे.

असे सर्व करणारा मी, महिपती धोंडू उतेकर, वय वर्षे बावन्न, धंदा शेती व सुतारकाम, राहणार आंबेखोल, पेटा पोलादपूर, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही. माघात मुंबईच्या इस्पितळात पोट फाडायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणाले घाबरण्याचे कारण नाही, आणि त्याच दमात म्हणाले की घरची निरवानिरव करून या. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून लिहीत नाही. भरीस घालायला लोक आले होते, पण पडलो नाही.

कलम १. राहते घर, परसू, दोन्ही फणस आणि गोठ्यातली जनावरे माझी पत्नी येसूबाई हिच्या मालकीची होतील. तिच्या पश्चात मुलगा मालोजी याची. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही येसूबाईनेच करावी. तिला लिहिता येत नाही, पण तिला फसवून कोणी अंगठा घेतल्याचे मला आठवत नाही.

कलम २. सुतारकीची सर्व हत्यारे मालोजीला. रंधे तेल लावून ठेवावेत, उसने देऊ नयेत. विशेषतः सकपाळांच्या घरी देऊ नयेत, तेथून वाकस परत आला तेव्हा त्याने नारळ सोलल्याच्या खुणा होत्या. मालोजीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. त्याने केलेला सांधा मला नखाने सापडत नाही. हे त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, येथे लिहून ठेवतो. परंतु अंगावर माणूस आला की तो डोळे मिटतो. रंधा मारताना मिटत नाही, पकड करताना मिटतो. त्याला काय करावे? मी त्याला संघाबाहेर बस म्हटले तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलू दे.

कलम ३. यात द्यायचे काही नाही. पुढची कलमे कळावीत म्हणून लिहितो.

महाडच्या जत्रेतली ढाल आम्ही सन १९५४ पासून सलग नऊ वेळा आणली. येत्या महाशिवरात्रीच्या जत्रेत दहावी. गावाने ढोल आताच ताणून ठेवले आहेत. मी मात्र सांगतो की संघ हरण्याच्या बेतात आहे. कसा हरेल तेही लिहितो; मी नसलो तर हा कागद काढून ताडून पाहावे.

आम्ही ताकदीने कधी जिंकलो नाही. महाडवाले गडी आमच्याहून अंगाने भारी. आम्ही साखळीने जिंकलो. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा, दोघांनी एकमेकांचे मनगट धरून उभे राहायचे. बोटे धरली की सुटतात, मनगट सुटत नाही. चढाईवाला आत शिरला की एकट्याने धावायचे नाही. दाराच्या दोन फळ्या मिटतात तसे दोघांनी मिळून मिटायचे. एवढेच. एवढ्यासाठी मी त्यांना रोज संध्याकाळी शिव्या घातल्या.

पहिली ढाल आली तेव्हा गावकीने ती शिमग्याला देवीच्या पालखीत ठेवली. मी म्हटले, खेळाची वस्तू आहे, पेटीत राहू द्या. कोणी ऐकले नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, दुसरा कोणाचा, हा मान आमच्याकडे सात घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. त्यात सहा घरे इतरांची आणि एक आमचे. त्या वर्षी खेळलेले सात गडीही याच सात घरांतले होते, कारण बाकीचे जवान मुंबईला गिरणीत होते. दुसऱ्या वर्षी तेच सात, तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी लोक उजव्या कोपऱ्याला ‘सकपाळांचा कोपरा’ म्हणू लागले. मला वाटले, थट्टेने म्हणतात. मैदानावरच्या जागा पालखीच्या खांद्यांसारख्या घराघरात वाटल्या जात होत्या, आणि वाटणारे हुतूतूचे नव्हे, मानाचे जाणकार होते.

गेल्या वर्षी लाकडाचा ओंडका चढवताना कुशाबा सकपाळचा गुडघा गेला. माणूस चांगला होता, उजवा कोपरा त्याने भिंतीसारखा सांभाळला. त्याच्या जागी मी आमच्या गावचा घरजावई चांगू पार्टे याला उभा करणार होतो. मूळचा कुडपणचा, डोंगर चढून वाढलेला. त्याचा दम संपलेला मी पाहिलेला नाही. पण सामन्याच्या सकाळी कुशाबाचा थोरला भाऊ मोरू कासोटा घालून हजर. वय चव्वेचाळीस, पोट पुढे.

मी विचारले, “मोरू, तू कधी खेळलास रे?”

“खेळायचं काय हाय त्यात, दादा? कोपरा आमचा हाय.”

सहाही घरे त्याच्या मागे उभी राहिली. चांगूला घेतले तर आम्ही उतरत नाही म्हणाली. महाडच्या बाजारपेठ संघाचा कप्तान मुख्तार हुर्जूक याने ते पाहिले, आणि शेवटच्या सामन्यात तो चढाईला आला की सरळ त्या कोपऱ्यात. मोरू हात लावून घेई आणि बाहेर जाई. बायकांच्या बाजूने आमची येसूबाई ओरडली, “अगो बाय, त्या मोरूला हलवा तरी, नायतर शेंदूर तरी लावा!” सगळे मैदान हसले. मला हसू आले नाही.

आम्ही एका गुणाने वाचलो. तेही मालोजीला त्या दिवशी ताप चढला, त्याची जागा आमच्याच घरची, म्हणून मी कोणाला न विचारता चांगूला उतरवले, आणि त्याने शेवटच्या चढाईत दोघांना शिवून दम न सोडता रेषा गाठली, म्हणून.

सामन्यानंतर मुख्तारने मला चहाला बसवले.

“महिपतीदादा, पुढल्या सालची ढाल आमची.”

“कशी, ते सांग.”

“तुमचा उजवा कोपरा बसलाय. मधले दोघे बांधावरनं भांडलेत, एकमेकांचं मनगट धरत नायत, मी बघितलं. आमी तुमची साखळी चार वर्सं बघून बघून शिकलो. तुमी काय नवीन शिकलात? खेळतो एकच माणूस, आनि तो तुमी कुनाला तरी ताप आला म्हंजे घेता.”

चहाचे पैसे त्याने दिले, तेही मला आवडले नाही.

शिमग्याला हार मोरूच्या गळ्यात पडला. चांगूच्या गळ्यात ढोल. मी गावकीचे म्होरके रावजी सकपाळ, म्हणजे मोरू-कुशाबाचे चुलते, यांना विचारले की ढाल कोणी आणली. रावजी म्हणाले, “तो घरजावई हाय. उद्या उठून कुडपणला गेला मंजे आमचा मान काय डोंगरावर आणायला जायाचं?” ज्या गावात एका माणसाला दुसऱ्याचे मनगट धरता येत नाही, त्या गावात मानाची एवढी काळजी! मी नवा डाव सांगितला की म्हणतात, नऊ ढाली जुन्याच डावाने आल्या ना? आल्या. म्हणूनच तो आता सगळ्या महाडला पाठ आहे. हे मी वर्षभर सांगतो आहे. भिंतीला सांगितले असते तर तिला ओल तरी आली असती.

कलम ४. घरामागचे खाचर, म्हणजे मैदान, माझ्या पश्चात संघाला खेळण्यासाठी मोकळे राहील. मालकी येसूबाईची. अट एकच: गडी खेळावरून निवडावेत, घरावरून नाही. ज्या वर्षी एकही जागा ‘आमच्या घराची’ म्हणून कोणी मागेल आणि त्याला ती मिळेल, त्या वर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, येसूबाईने मैदानात नांगर घालावा, बांध पूर्ववत घालावेत आणि भात लावावे. कोणाची हरकत चालणार नाही. ही अट पाळली जाईल याबद्दल मला शंका नाही, कारण पहिला मुरूम पडला त्या दिवसापासून येसूबाई म्हणते आहे, “माझं खाचर तुडवलंत, ढाल शिजवून वाढू काय पोरांना?” ती त्या नांगरासाठी टपूनच बसेल. माझ्या संघाला याहून चांगला राखणदार मिळणार नाही.

कलम ५. शिट्टी चांगू पार्टे याला. संघ शिकवण्याचा आणि गडी निवडण्याचा अधिकार शिट्टीबरोबर जातो. मी मुंबईस निघेन त्या दिवसापासूनच, मरणाची वाट न पाहता. मालोजीला ती मिळेल असे गाव धरून चालले आहे, बहुधा मालोजीही. शिट्टी झोपाळ्यासारखी नाही, की बाप उठला आणि मुलगा बसला. चांगूने माझ्यासारख्या शिव्या द्यायला शिकावे, तो फार मऊ बोलतो.

कलम ६. ढालीची शिवणीची पेटी. दहावी ढाल आली तर पेटी येथेच राहील. न आली आणि बाजारपेठ संघाकडे गेली, तर पेटी मुख्तार हुर्जूक याला पोचती करावी, बैलगाडीने, गवतात बसवून, झाकण वर करून. ढाल जिंकणाऱ्याची, पण ती तांदळाच्या पोत्याला टेकून काळी पडावी हे मला सोसणार नाही. त्याला सांगावे की पितळेला चिंच लावायची, राख नाही. आणि हेही सांगावे की त्याच्या संघालाही नऊ वर्षे मिळाली तर दहाव्या वर्षी त्याने आपल्या लोकांचे बोलणे नीट ऐकावे; कोणी कोपऱ्याला ‘आमचा’ म्हणतो का, तेवढे.

कलम ७. गुणांची फळी शाळेला. रूळ मैदानाबरोबर. माझी हाताची काठी मोरू सकपाळला, कोपऱ्यात उभे राहताना आधाराला.

कलम ८. मी मेल्यावर पालखीच्या मानातला आमच्या घरचा खांदा मालोजीने घ्यावा. तो त्याचा आहे, वडिलोपार्जित आहे, त्यात माझी तक्रार नाही. देवीपुढे मान असावा. मैदानात नसावा. एवढे वेगळे करायला मला सगळा कागद लागला.

साक्षीदारांबद्दल वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये. त्या हिशेबाने रावजी सकपाळ यांच्याइतका योग्य माणूस गावात नाही. ते आले, ओटीवर टेकले, म्हणाले, “मला काय ठेवलंस रे, महिपती?” मी म्हटले, “काही नाही. म्हणूनच बोलावले.” दुसरे साक्षीदार जुल्फिकार मुकादम, ज्यांच्या ट्रकने मी मुंबईस जाणार. दोघांना मी सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. मोरूच्या काठीपाशी जुल्फिकार हसले, रावजी हसले नाहीत. पण सही केली.

मुक्काम आंबेखोल, पेटा पोलादपूर. गुरुवार, ता. १७ जानेवारी १९६३.

सही: महिपती धोंडू उतेकर
साक्ष: रावजी भिकू सकपाळ, आंबेखोल
साक्ष: जुल्फिकार मुकादम, मोटार ड्रायव्हर, पोलादपूर

पुरवणी. सह्या झाल्यावर ध्यानात आले की भरीस घालायला कोण आले होते ते लिहायचे राहिले. ते त्याच बैठकीत, दोन्ही साक्षीदारांसमोर लिहितो, आणि या मजकुराशेजारी समासात तिघांच्या सह्या पुन्हा घेतल्या आहेत. रावजी म्हणाले, “हे तेवढं लिवू नको रे, घरातली गोष्ट हाय.” घरातलीच आहे, म्हणून लिहितो.

गेल्या सोमवारी, संक्रांतीला, रावजी तिळगूळ घेऊन माझ्या ओटीवर आले. गोड बोला म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडली. मी मृत्युपत्र करतो आहे हे गावात कळले होते. म्हणणे असे, की त्यात एक कलम घालावे: मैदानावरच्या सात जागा सात घरांच्या, पिढ्यान्‌पिढ्या, आणि चांगू पार्टे याने फक्त ढोल वाजवावा. त्याबद्दल इस्पितळाच्या खर्चाला मदत म्हणून रक्कम. मी रुमालाची गाठ परत बांधून दिली आणि तिळगूळ तेवढा घेतला. रावजी उठता उठता म्हणाले, “इचार कर. सातही घरांनी सारखे घातलेत.”

रक्कम रुपये तीनशे एक्कावन्न. वरचा रुपया शुभ म्हणून. बाकी प्रत्येक घराचे पन्नास. सातवे घर माझे.