शेपटीची खूण

तबोद्वे महिना, शुद्ध ९
वही, माफ कर. सहा दिवस तुला हात लावला नाही. काठी मात्र रोज होडीच्या काठावर वाजवली — टक्, टक्, टक्. म्यामावशी आली नाही.
वीस वर्षं ती मासे हाकते आणि मी जाळं फेकतो. साऱ्या इरावतीत इतकी शहाणी डॉल्फिन नाही! भाची म्हणते, 'मामा, आधी जेवा. नदी कुठं पळून जात नाही.' ताट सारून काठी उचलली.

शुद्ध १०
लिहूनच टाकतो.
त्या दिवशी ती आली होती. पिल्लूही होतं. चौदा महिने पोटात वाढवलेलं, अजून अंगाला चिकटून दूध पिणारं, फिकट राखाडी. मावशीनं मासे गोल फिरवत होडीपाशी आणले, तोंडानं पाण्याची पिचकारी मारली. पुढं शेपटी आडवी उठली की जाळं फेकायचं — वीस वर्षांत आमचं बोलणं एवढंच! शेपटी उठली. फेकलं.
पिल्लाची होती! आईचं बघून शिकत होतं ते. जाळ्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या त्याच्या डोक्यावर बसल्या. हिसडा मारून, माझ्या हिरव्या जाळ्याचा तुकडा घेऊनच बुडालं. मी वाट पाहिली. श्वासाचा फुस्कारा ऐकू आला नाही.
कुणाला सांगितलं नाही.

शुद्ध ११
टक्, टक्. नाही.

शुद्ध १३
खालच्या वळणावर जाळं टाकणारा को पौक घाटावर भेटला. 'म्यामावशी दिसली का रे?' त्यानं मान वर केली नाही. 'बॅटरीवाले मासे मारायला पाण्यात करंट सोडत फिरतात, काका. भ्याली असेल. नाहीतर तुमच्या काठीला कंटाळली — रुसलेल्या बायकोला न्यायला आलेल्या जावयासारखं दार वाजवत बसता!' सगळे हसले. मीही हसलो. पाप माझं, नाव बॅटरीवाल्यांचं.
दुपारी होडीत डुलकी लागली. मी पाण्याखाली होतो. सगळं गढूळ, दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं — वाळू सरकताना, शिंपला मिटताना, माझ्याच होडीचं लाकूड फुगताना. मावशी अशीच कानांनी बघते म्हणे. मग वर बसलेल्या म्हाताऱ्याची धडधडही ऐकत असेल. ऐकते, आणि येत नाही?

पौर्णिमा
विहारात थमने शिजत होतं. चिकट भात, तीळ, खोबरं. मोठ्या कढईत आम्ही पुरुष वल्ह्यांनी ढवळत होतो. घाम, धूर, गाणी. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर बोललो, 'पिल्लू माझ्या जाळ्यानं मेलं.'
वल्ही थांबली. भाची रडायलाच लागली.
को पौक ओरडला, 'काका, ढवळा आधी, करपेल!' मग हळूच म्हणाला, 'मेलं नाही हो. तुमच्या हिरव्या दोऱ्याचा तुकडा मीच सोडवला त्याच्या डोक्यावरचा.'

वद्य १
पिल्लू जगलं! मावशी रोज को पौकच्या होडीशी येते, मासे हाकते. गावाला ठाऊक होतं. भाचीनंच सगळ्यांना गप्प केलं — 'मावशी दुसऱ्याकडे जाते हे कळलं तर मामा काठी वाजवायचे थांबतील.'
फक्त माझ्याकडे येत नाही.
आज जाळं घरीच ठेवलं. नुसती काठी नेली. मावशी, मासे नकोत. लांबूनच शेपटी हलव. पण माफ केलंस एवढं कळव, लवकर.