दुनळीचे वारस

रंगराव भावोजींना मंदाकिनीवहिनीचा नमस्कार.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपण आता जिना चढता हे ऐकून बरं वाटलं. मी ठीक आहे. हे जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. अजून सकाळी दोन कप चहा टाकला जातो आणि दुसरा मीच पिते, एवढंच. आपल्या अकरा मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये माझ्या तब्येतीला अर्धं मिनिट आणि ह्यांच्या बंदुकीला साडेदहा मिळाली, त्याबद्दल आभारी आहे.

फौजेतून आल्यावर ह्यांनी बँकेच्या दारात एकोणीस वर्षं ती दुनळी खांद्याला अडकवली आणि एकदाही झाडली नाही. ते गेल्यावर मी बुधवार पेठेतून शस्त्र कायद्याचं पुस्तक आणलं (माझी शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही). परवानाधारक गेला की बंदूक लगेच जमा करायची, असं त्यात आहे. आता पाहा, घरात ठेवली तर गुन्हा, आणि विनापरवाना घेऊन निघाले तरी गुन्हाच. शेवटी सोलापुरी चादरीत गुंडाळून रिक्षाने निघाले. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, तंबोरा का?" मी हो म्हटलं.

चौकीतला हवालदार ह्यांना ओळखत होता, कारण प्रत्येक निवडणुकीला हे बंदूक जमा करायला स्वतः जायचे. म्हणाला, "नियम आहे आजी, लायसनवाल्यांनी स्वतः यायला पाहिजे." मी म्हटलं, "ते आलेच, तर आधी मला कळवा." मग त्याने मृत्यूचा दाखला पाहिला, पुढे तीन फेऱ्या झाल्या आणि चौथ्या वेळी पावती मिळाली.

तर बंदूक आता आमच्याकडे नाही. आपल्या चिरंजीव तेजसला ती हडपसरच्या पलीकडच्या फार्महाउसवर डुकरं हाकायला हवी होती. (तिथे डुकरं आहेत हे खरं, शनिवारी पार्टीला येतात.) शेजारी तक्रार करतात म्हणून तिला सायलेन्सर बसवायचा, आणि धडाधड पाच-सहा गोळ्या सुटतील अशी करून घ्यायची, असं त्याने मला लिहून विचारलं. भावोजी, आपोआप गोळ्या सुटणारं हत्यार आणि आवाज दाबणारं नळकांडं, दोन्ही तुमच्याआमच्यासाठी बंद आहेत. नुसतं कपाटात ठेवलं तरी तुरुंग. ज्या पोराने मोटरसायकलचा सायलेन्सर काढून गल्ली उठवली, त्याला शांतता हवी झाली ती नेमकी बंदुकीची.

वहिनींना कायद्यातलं काय कळतं, असं आपण म्हणालात. जेवढं छापलंय तेवढंच कळतं.

आपली,
मंदाकिनीवहिनी

ता. क. मला ती बंदूक कायमची सरकारजमा करायची आहे. पण तेजसला वारस दाखवून आपण परस्पर अर्ज केल्यामुळे कागद अडलाय. अर्ज मागे घेतल्याचं पत्र मी लिहून सोबत जोडलंय. फुलीच्या जागी सही करून सोमवारपर्यंत पाठवा.

ता. क. दुसरा. सही जमत नसेल तर आग्रह नाही. तेजसच्या मेसेजची छापील प्रत काढून ठेवली आहे, आणि चौकीतल्या साहेबांनाही वाचनाची आवड आहे.

ता. क. तिसरा. बंदुकीसोबत खांद्याचा चामडी पट्टाही द्या, असं हवालदार म्हणाला होता. तो मी दिला नाही. ह्यांच्या घामाने एका बाजूला काळा पडलाय. पट्ट्याबद्दल कायद्यात काही नाही, मी दोनदा वाचलं.