बारा आठवडे कुणाचे

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. साष्टांगातली आठही अंगं सध्या प्लास्टरने माखलेली आहेत, तेवढं चालवून घे.

माझं आयुष्य परवा सकाळी पावणेअकरा वाजता बदललं. वेळ नक्की सांगतो, कारण मी पाच महिन्यांच्या बाळाचा कान पॉलिशपेपरने घासत होतो आणि एका कानाला दहा मिनिटंच द्यायची असं साचेकाकांनी बजावलंय. त्याहून जास्त घासलं की कान उरत नाही. तेवढ्यात ती आली.

डॉक्टरकीचं कॉलेज सोडून मी काय उद्योग करतो असं तू दोन पत्रांत विचारलंस, तेही ह्यातच सांगून टाकतो. साचेकाका परिचारिकांच्या शाळांसाठी पोटातल्या बाळाचे नमुने करतात. घेवड्याच्या दाण्याएवढ्यापासून थेट जन्माला तयार झालेल्यापर्यंत, ओळीने अकरा. मी साचे भरतो, घासतो, रंगवतो. वर्गात बसून लोकांचं ऐकत राहण्यापेक्षा हे बरं. इथे निदान अकरा जण माझं ऐकून घेतात.

तर ती आली, टेबलावरची ओळ बघितली आणि माझ्या हातातल्या बाळाकडे बोट दाखवून विचारलं, ह्याला कशाचा राग आलाय. मी बघतो तर खरंच, कपाळावर आठ्या. मी म्हणालो, माल आमचा आहे, राग असो नाहीतर लोभ. ती म्हणाली, जन्माला न आलेल्याला रागवायला कारण नसतं, बनवणाऱ्याला असेल. काका इतके हसले की चष्मा प्लास्टरच्या बादलीत पडला. मी भडकायला तोंड उघडलं, आणि ताई, ते उघडंच राहिलं. संपलं सगळं.

ती सकाळी पाळणाघरात मुलं सांभाळते आणि दुपारी बालविकास शिकते. एक फेब्रुवारीला तिथल्या आईबापांसाठी प्रदर्शन आहे, तिला अख्खी ओळ हवी आहे. म्हणजे तोवर ती येत राहणार.

आता तुझं. दहावा आठवडा लागला हे वाचून मी काय केलं ते लिहीत नाही, काकांनी पाहिलंय तेवढं पुरे. आमच्याकडे भिंतीवर खिळ्याला कार्डं अडकवलेली असतात, प्रत्येक नमुन्याचं एक. दहा आठवड्यांच्या कार्डावर लिहिलंय: डोक्यापासून बुडापर्यंत सहा सेंटिमीटर, बोटं सुटी, पापण्या मिटलेल्या. तुझं बाळ आत्ता हे आहे. पुढचं मी कार्ड बघून कळवत जाईन. उंचावरचे डबे दाजींना काढायला लाव.

लोभ आहे त्यात कपात नको. वाढवलास तर मला पेलेल.

तुझा,
भडकू


१४ जानेवारी

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कानही उपटलाय असं समज.

तुझं पत्र दुकानात कात्री हातात असतानाच वाचलं. मालकीणबाईंनी विचारलं, हसतेस काय एकटीच. मी सांगितलं की माझा भाऊ कान घासता घासता प्रेमात पडला. त्या म्हणाल्या, आधी स्वतःचे घासायचे होते.

ती मुलगी मला आवडली. तुझ्या तोंडावर तुला आठ्या दाखवणारी अजून कुणी भेटली नव्हती. मात्र एक ध्यानात ठेव. तुझं प्रेम दर वर्षी पावणेअकरालाच होतं. मागच्या वेळची ग्रंथालयातली होती, तिच्यासाठी तू चार पुस्तकं आणलीस आणि एकही वाचलं नाहीस.

सहा सेंटिमीटर! शर्टाच्या कफाची रुंदी तेवढीच असते रे. रोज आठ-दहा कफ कापते मी, आणि कधी मनात आलं नव्हतं. मी अस्तराची एक पट्टी बरोब्बर सहाची कापून पर्समध्ये ठेवलीय. दाजी म्हणतात, कपड्याचा नमुना आहे का. मी म्हटलं, हो, गिऱ्हाइकाचा आहे.

तुला एक मागते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते वाढ थांबली आहे, तेव्हा तू मला तीन दिवस सांगत होतास की त्यांचं मशीन जुनं आहे, काही नाही होत. तुला माहीत होतं, तरी सांगत होतास. मी त्याचा राग धरला नाही. पण ह्या वेळी मला धीर देऊ नकोस. कार्डावर असेल ते, तेवढंच लिही. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा आहे.

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी. पट्टी बरोबर नेणार आहे.

तुझी माया आहे ती अशीच पोस्टात टाकत जा.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. ग्रंथालयाचा विषय काढल्याबद्दल अर्धा नमस्कार परत घेतलाय.

हे वेगळं आहे. ह्या वेळी मी वाचतोय. ती वर्ग सुटल्यावर येताना वही आणते आणि मी रंग देत असताना मला शिकवते. सहा महिन्यांच्या मुलापुढचा खुळखुळा फडक्याखाली लपवला की त्याच्या दृष्टीने तो जगातून गेलाच, ते शोधतही नाही. वर्षाच्या आत-बाहेर तेच मूल फडकं उचलून बघायला लागतं. मी म्हणालो, तुम्ही सहा वाजता गेलात की मी सहा महिन्यांचा होतो. तिने वर न बघता सांगितलं की तिच्या हिशोबाने मी दोन वर्षांचा आहे, सगळ्याला नाही म्हणायचं आणि माझं-माझं करायचं. पण हे म्हणताना तिचे कान लाल झाले, आणि ताई, कानांचं आता मला कळतं.

तिच्या वहीत एक म्हणणं असं आहे की मूल जिन्यासारखं एकेक पायरी चढतं, मधली कुणी गाळत नाही. दुसरं म्हणणं, पहिल्या वर्षात मुलाला एवढंच ठरवायचं असतं की ह्या जगावर विसंबायचं की नाही. हाक मारली की कुणीतरी येतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. ती म्हणते, पुस्तकात जिना सरळ असतो, तिच्या पाळणाघरातली मुलं मात्र चार पायऱ्या चढून तीन उतरतात आणि मध्येच बसून पाव खातात.

काल ती मला अहो-जाहो करत चहा प्यायला घेऊन गेली. मी तिच्याहून दीड वर्षाने लहान आहे, तरी अहो. ते कधी सुटणार कोण जाणे.

आता कार्ड. धीर नाही, फक्त कार्ड. बारा आठवडे: साडेआठ सेंटिमीटर. हा नमुना मी स्वतः केलाय, मूठ तोंडाजवळ आहे. हे पत्र पोचेल तेव्हा तुझे बारा भरत असतील. पट्टी नवीन काप.

प्रेम आहेच. तुझंही तेवढंच असू दे, जमाखर्च नको.

तुझा,
भडकू


२५ जानेवारी

चि. भडकूस आशीर्वाद.

काल जाऊन आले. पाच पूर्णांक सात आलं.

मी पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, अगदी बरोबर आहे, बारा आठवड्यांना एवढंच असतं, ठोके छान आहेत. मी पर्समध्ये हात घातला तर साडेआठची पट्टी हाताला लागली. ती तशीच आत सारली. मागच्या वेळीही आधी छानच म्हणाले होते.

जवळजवळ तीन सेंटिमीटर कमी, भडकू. एवढ्याशा जिवात तीन म्हणजे किती झालं.

दाजींना सांगितलेलं नाही. ते मशीन बसवायला दौऱ्यावर निघाले होते, म्हटलं सुखाने जाऊ देत. दुकानात जावंसं वाटत नाही, कफ दिसतात. जेवते आहे, काळजी नको. तू कार्डं आता पाठवू नकोस.

तू खरं सांगितलंस, त्याचं बरंच वाटलं.

ताई


२९ जानेवारी

ताई,

नमस्कार नंतर. त्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, माझ्या भावाच्या टेबलावर साडेआठचं बाळ पडलंय, येऊन मोजा. ह्यांना खरं सांगायचं नसतं, म्हणून छान-छान करतात. त्यांनी काहीतरी लपवलंय हे शेंबड्या पोरालाही कळेल. डॉक्टर बदल. आजच बदल. मी येऊन त्यांना जाब विचारतो की नाही बघ. काकांची कार्डं चाळीस वर्षांची आहेत, ती चुकणार नाहीत.

भडकू


३१ जानेवारी, दुपार

ती. ताईस,
शि. सा. न. आज खरंच साष्टांग घातलाय असं समज आणि उठवू नकोस.

हे पत्र टपालात टाकत नाही. मी घेऊन येतोय. तोंडाने सांगायला गेलो तर तू म्हणशील धीर देतोय, आणि मी भडकेन, म्हणून तू हे माझ्यासमोर बसून वाच. आणि परवाचं माझं पत्र उद्या दुपारच्या टपालात येईल. ते फोडू नकोस. ते फोडायच्या आत मला तुझ्या दारात पोचायचंय, एवढीच माझी शर्यत आहे. दुकानात फोन लावला होता. मालकीणबाई म्हणाल्या, आठवडा झाला आली नाही. मग मला राहवेना.

झालं असं. आज सकाळी ओळ पोचवायला आम्ही पाळणाघरात गेलो. तिने नमुने टेबलावर मांडले, शेजारी तिचं पुस्तक उघडलं, आणि बारा आठवड्यांच्या नमुन्याशी येऊन थांबली. तिने काकांना विचारलं, हे बारा आठवडे कुणाचे. काका म्हणाले, बाळाचे, अजून कुणाचे. ती म्हणाली, माझ्या पुस्तकातले आईचे आहेत.

मी काकांना तिथेच, चार पोरं पायाशी रांगत असताना, धरून विचारलं. आमच्या कार्डांवरचे आठवडे बाळ खरोखर सुरू झालं त्या दिवसापासूनचे आहेत. डॉक्टर मात्र आईच्या शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजतात, कारण बाईला सांगता येते ती तीच तारीख. म्हणजे डॉक्टर दोन आठवडे आधी सुरू करतात, बाळ नसतंच तेव्हापासून. काका म्हणाले, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं, कार्डावर कशाला लिहायचं, आणि तू तर हेच शिकत होतास ना. ताई, तो धडा तिसऱ्या वर्षाला होता. मी दुसऱ्यात उठून आलो.

मी ओरडलो नाही. कुणावर ओरडणार?

तर डॉक्टरांचे बारा म्हणजे काकांचे दहा. दहाच्या कार्डावर सहा आहे, तुझं पाच पूर्णांक सात आलं. तीन मिलिमीटरचा फरक तर माझ्या एकाच साच्यातून निघालेल्या दोन बाळांतही पडतो. तुझी पहिली पट्टी, कफाची, तीच खरी होती. फक्त मी ती दोन आठवडे आधी कापायला लावली.

तू म्हणशील हेही तू रचलंस. म्हणून माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः मोज. हे धाकट्या भावाने लिहू नये, पण आता लाज बाळगून चालणार नाही. तुझं नोव्हेंबरातलं पत्र माझ्यापुढे आहे. त्यात लिहिलंयस की दाजी वीस दिवस दौऱ्यावर होते आणि काल, दहा तारखेला रात्री परतले, येताना तुला नवीन कात्री घेऊन आले. डॉक्टरांच्या कागदावर पहिला दिवस कुठला लावलाय बघ. ऑक्टोबरच्या एकतीसच्या आसपास असेल. त्या दिवशी दाजी दोनशे मैलांवर मशीन बसवत होते. मग त्या दिवशी बाळ कुठून सुरू होणार? दहा तारखेच्या पुढून मोज, आपल्या कॅलेंडरवर, बोटाने. जे येईल त्यावर विश्वास ठेव. मी नाही, कार्ड नाही, तूच सांगितलेली तारीख आहे ती.

दोन वर्षांपूर्वी मी खोटं सांगून तुला तीन दिवस गप्प बसवलं. ह्या वेळी खरं-खरं म्हणत सात दिवस रडवलं. मला कळत नाही ह्यातलं वाईट कुठलं. डॉक्टरीणबाईंची माफी मागायला मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येईन आणि तोंड उघडणार नाही, पाहिजे तर पट्टी लावून शिवून टाक.

एक सांगायचं राहिलं, ते चांगलं आहे. उद्या तिचं प्रदर्शन. मी बारा आठवड्यांच्या नमुन्याशेजारी उभा राहायचं आणि कुणी विचारलं तर कसा केला ते सांगायचं असं तिने ठरवलं होतं. घरची माणसंही येणार होती तिची. सदरा इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. मी तिला सांगायला गेलो तेव्हा ती नव्या चिठ्ठ्या लिहीत होती, प्रत्येक नमुन्यापुढे दोन आकडे, एक आईचा आणि एक बाळाचा. तुझं सगळं तिने सकाळीच ऐकलं होतं. तीच म्हणाली, “मूर्खासारखा उभा काय राहिलास? भाषण मला करायचंय. तू जा, गाडी चुकेल तुझी.”

ताई, तिने मला अरे म्हटलं. मूर्ख म्हटलं ते सोड.

काकांनी दहाच्या साच्यातून काढलेलं एक बाळ तुझ्यासाठी रुमालात बांधून दिलंय. रंग ओला आहे, वरच्या खिशात ठेवतो. कपाळ मी पुन्हा तपासलं, आठी नाही.

लोभ वगैरे मागायला ह्या खेपेस मला तोंड नाही. तू देशीलच, मला ठाऊक आहे.

साडेतीनची गाडी आहे, तीन वाजून गेले. सदरा खुर्चीवरच राहू दे, ह्याच अंगावरच्या प्लास्टरच्या कपड्यांत येतो. आता उठतो, हा कागद घडी करून खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझा,
भडकू