बुधला विकला नाही

प्रिय शशी,

परवा मी तुझ्या आईंना सांगून टाकलं. तुला जे कधीच जमलं नाही ते, सकाळच्या चहाबरोबर, सरळ. "आई, मी घरी बिअर करते. खाली बेसमेंटमध्ये आत्ताही आंबायला ठेवलीय." पुढे काय झालं ते तुला माझ्याशिवाय कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले.

आई घरात असताना खरं तर मी 'अहो' म्हणायला हवं! आठवतं? त्या सांगलीहून आल्या की मी तीन महिने 'अहो, ऐकलंत का' करायची आणि तू तोंड फिरवून हसायचास. जाऊ दे. पत्रात 'तू'च.

आधी मधलं सांगते. तू गेल्यावर दीड वर्ष मी बेसमेंटमधल्या बिअरच्या त्या कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघण्यासारखं होतं तरी काय? तू सगळं आधीच गॅरेजच्या माळ्यावर टाकलं होतंस. मग जूनमध्ये अमोल म्हणाला, "मॉम, गराज सेल करू या." मीही हो म्हटलं. तुझे स्की, जुना टाइपरायटर, आणि तो काचेचा मोठा बुधला, सगळं ड्राइव्हवेवर मांडलं.

एक तरुण जोडपं आलं. मुलीने बुधल्यावर टकटक केलं आणि विचारलं, यात तुम्ही काय करायचात? मी सांगायला लागले. माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या जवाचा, पाक तासभर कसा उकळायचा, हॉप्सची फुलं कडवटपणाला आधी आणि वासाला शेवटी कशी टाकायची, यीस्ट घालताना रस विरजणाच्या दुधाइतकाच कोमट कसा हवा. अर्धा तास बोलत होते शशी! त्या मुलाने विचारलं, "तुमचे मिस्टर करायचे का?"

"आम्ही दोघं करायचो," मी म्हटलं. आणि बुधला उचलून घरात नेला. "सॉरी, हा विकायचा नाही."

अमोल बघतच राहिला. "यू मेड इट टू?" त्याला माहीतच नव्हतं. कसं असणार? घरी बिअर करायला इथल्या सरकारने नुकतीच परवानगी दिली होती, तेव्हा तू पुस्तक हातात घेऊन ओट्याला टेकून उभा असायचास आणि ढवळायची मी. बाटल्या धुवायची मी, वास घेऊन 'अजून नाही' म्हणायची मी. पण पार्टीला तुझ्या मित्राने, वाघमारे भावजींनी, "काय शशी, हातभट्टी काय म्हणते?" असं विचारलं की तू म्हणायचास, "या वेळी मस्त जमलीय मला." मला! आणि मी भजी तळत असायची. एकदा तरी 'आम्हाला' म्हणायचं होतंस रे.

आणि बंद कसं पडलं ते तुला आठवतंय ना? त्या वर्षी आई दिवाळीला आल्या, म्हणून तू भरलेल्या दोन डझन बाटल्या गॅरेजमध्ये ब्लँकेटखाली लपवल्यास. मिनेसोटाच्या डिसेंबरात! एका दुपारी गोठून एकामागून एक फुटल्या. आई घाबरून धावत आल्या, आणि तू त्यांना सांगितलंस की गाडीच्या कूलंटच्या बाटल्या होत्या. मी काचा वेचत होते आणि मला तुझी लाज वाटत होती.

त्या परत गेल्यावर मी म्हटलं, "मला हे खोटं बोलणं नको. एक तर आईंना सांग, नाही तर बंद कर." मला वाटलं होतं, तू सांगशील. तू बंद केलंस. एका शब्दाने भांडला नाहीस. मीही 'अरे, तसं नव्हतं म्हणायचं मला' असं म्हटलं नाही. पुढच्या वर्षी म्हणू, असं वाटत राहिलं. मग एका जानेवारीत ड्राइव्हवेवरचं बर्फ ओढता ओढता तू खाली बसलास तो उठलाच नाहीस.

तर, सप्टेंबरात मी पहिली खेप लावली. साफ बिघडली! आपण नेहमी थंडीत करायचो, उकळतं पातेलं मागच्या अंगणात बर्फात ठेवलं की झालं. सप्टेंबरात बर्फ कुठलं? रस निवायला मला धीर नव्हता. गरम असतानाच यीस्ट घातलं आणि मारून टाकलं. चार दिवसांनी वर पांढरी साय आणि आंबट ताकासारखा वास. पाच गॅलन सिंकमध्ये ओतले. अमोल म्हणाला, "मॉम, जस्ट बाय अ सिक्स-पॅक!"

छे! मी गाडी काढली आणि मिनिआपोलिसला रेच्या दुकानात गेले. आपण माल्टचे डबे आणायचो तेच. म्हणजे तू आत जायचास आणि मी गाडीत बसायची. म्हातारा अजून तिथेच आहे. नाव सांगितल्यावर त्याने चष्मा वर केला. "म्हणजे नाक असलेली बायको तूच! शशी म्हणायचा, मी फक्त डबे उचलतो, बिअर माझी बायको करते."

दुकानात मला रडू आलं नाही. राग आला. रेला सांगता आलं तुला? आणि वाघमाऱ्यांना नाही? परक्यासमोर खरं बोलायचं आणि आपल्या माणसांत गप्प बसायचं, ही कसली तुझी रीत?

त्याच रागात दुसरी खेप लावली. रेने सांगितल्याप्रमाणे बाथटबमध्ये बर्फाच्या पाच पिशव्या ओतून पातेलं त्यात ठेवलं आणि हात लावून लावून बघत बसले. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला खालून, बुधल्यातून, आवाज आला. बुडुक... बुडुक. मी जिन्यावर बसून ऐकलं. घरात पुन्हा काहीतरी जिवंत होतं.

दिवाळीच्या पार्टीला त्या बाटल्या टेबलावर मांडल्या. वाघमारे भावजींनी एक घोट घेतला आणि ग्लास उजेडाकडे धरला. "शशीचीच रेसिपी ना वहिनी?"

"नाही भावजी. माझी. तेव्हाही माझीच होती."

 मग त्यांची बायको, कुमुदवहिनी, म्हणाली, "अगं मग मला दे की एक ग्लास! इतकी वर्षं यांचंच ऐकतेय." तिने अर्धा ग्लास संपवला आणि "कडू आहे गं बाई" म्हणत उरलेलाही संपवला.

आणि आता आई. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच आल्यात. खूप वाळल्यात रे. मी बोलले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"शशीपण करायचा?"

"आम्ही दोघं करायचो."

"म्हणजे त्या फुटलेल्या बाटल्या..."

"हो. बिअरच्याच."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "मला हे आवडत नाही, आवडणारही नाही. पण उषा, माझा एकुलता एक मुलगा मला इतका घाबरायचा? मी अशी होते का गं?"

"घाबरत नव्हता, आई. तुम्हाला दुखवायचं नव्हतं त्याला."

"मग आता काय झालं? दुखलंच की. आणि रागवायला तोही नाही."

 मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही. पण दिवसभर त्या माझ्याशी फार बोलल्याही नाहीत.

अमोल पायऱ्यांवर बसून हे सगळं ऐकत होता. किती समजलं कोण जाणे. संध्याकाळी किचनमध्ये येऊन म्हणाला, "मॉम, आय हॅव समथिंग टू टेल यू टू." त्याला इंजिनिअरिंगला जायचं नाही. वर्षभर मनात ठेवून होता. अगदी तुझ्यासारखा!

शशी, तुला शब्द देते. अमोलचं शेवटपर्यंत ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. ऑगस्टमध्ये रेच्या क्लबची घरगुती बिअरची स्पर्धा आहे, त्यात बाटली ठेवीन आणि चिठ्ठीवर माझं नाव लिहीन. आणि आई पुन्हा विचारतील, कारण त्या विचारणारच, तेव्हा मी तुझी बाजू मांडीन. पण खोटं बोलून नाही.

तुझी,
उषा