सर्व्हरची खंडेनवमी

चाकण,
दसऱ्यानंतरचा दुसरा शनिवार

तीर्थस्वरूप उद्धवमामांना भाचा सुजित याचा वाकून नमस्कार.

मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, तुमचं मीठ अजून बंद असेल आणि लोणच्याची बरणी मामींच्याच ताब्यात असेल अशी आशा करतो. चाकणहून निगडी काही परदेशात नाही, तरी पत्र का लिहिलं, असं तुम्ही विचाराल. फोन केला की तुम्ही स्पीकर चालू करता, मला ‘बोल’ म्हणता आणि पुढे स्वतःच बोलता. घरी आलो तर मामी ताट पुढे ठेवतात, आणि भरल्या तोंडाने मला माझी बाजू मांडता येत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा. (कंस जास्त पडले तर सांभाळून घ्या. आमची कंपनी गाड्यांचे ब्रॅकेट बनवते, त्यामुळे हाताला सवय लागली आहे.)

विषय खंडेनवमीचा आहे. त्या दिवशी दौलतरावांनी तुम्हाला मानाने बोलावलं, तुम्ही प्रेस शॉपपासून टूलरूमपर्यंत एकेका मशीनला हळद-कुंकू लावत आलात, इथवर सगळं छान झालं. मग तुम्ही माझ्या खोलीत शिरलात. तिथल्या डेटाबेस सर्व्हरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. ते पाहून तुम्ही जे बोललात ते अख्ख्या कंपनीने ऐकलं: “चालू मशीनची पूजा करायची असते का रे? ह्याला काय आज सुट्टी नाही?” दौलतराव लगेच म्हणाले, “व्हय की! बंद कर रे ते.” मी हात जोडून सांगून पाहिलं की मालक, हा बंद करत नाहीत. प्लगवर समाधानची चिठ्ठी आहे. (समाधान म्हणजे माझ्या आधी हे काम बघायचा तो. त्याने जाताना प्लगवर ‘बंद करू नये’ असं लिहून ठेवलं आणि हिंजवडीला निघून गेला. दौलतरावांनी त्या चिठ्ठीला लॅमिनेशन करून घेतलं. तेव्हापासून त्या मशीनला कोणी फडकंसुद्धा मारलेलं नव्हतं.) पण पाहुणे तुम्ही, नारळ तुमच्या हातात, माझं कोण ऐकणार? मी सर्व्हर रीतसर बंद केला, तुम्ही त्याला झेंडूची माळ घातलीत, त्याच्या पायाशी नारळ फोडलात, आणि नारळाचं पाणी एक्स्टेन्शन बोर्डापासून चार बोटांवर येऊन थांबलं. त्यात देवाची कृपा होती हे मीही मान्य करतो.

आता हा सर्व्हर करतो काय, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या प्रत्येक पेटीवर एक लेबल लागतं. त्याचा नंबर या सर्व्हरमधून येतो. लेबल नसेल तर समोरच्या मोठ्या कंपनीच्या गेटवर आपला टेम्पो आत घेत नाहीत, आणि माल वेळेत पोचला नाही तर त्यांची लाईन थांबते. त्यांची लाईन थांबली की दौलतरावांचं तोंड सुरू होतं. हे लेबल गेल्या वर्षभरात इतकं सावकाश यायला लागलं होतं की डिस्पॅचच्या सादिका मॅडम (दिघीहून येतात, बोलायला चोख) बटण दाबून मटार सोलायला घ्यायच्या. “सुजितभाऊ, सर्व्हर सुधारू नका हं, माझी भाजी राहील,” असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. मामा, मला ते लागलं. मी मनाशी ठरवलं की बाहेरचा माणूस न आणता हा सर्व्हर मीच सरळ करणार.

त्याला आपल्या भाषेत असं समजा. ऑपरेटरच्या हाताशी एक रॅक असते. हवी ती वस्तू रॅकमध्ये असली तर काम झटपट, नसली तर उठून मागच्या स्टोअरला जावं लागतं. सर्व्हरलाही अशी हाताशी रॅक असते, तिला शेअर्ड बफर्स म्हणतात, आणि ती किती मोठी ठेवायची ते एका फाइलमध्ये आकडा लिहून सांगायचं असतं. आमच्या मशीनची सगळी मिळून मेमरी सोळा जीबी. मी श्रावणात रॅकचा आकडा दोन केला आणि सर्व्हरला हुकूम दिला की फाइल परत वाचून घे. काही फरक नाही. चार केला. मटार तसेच सोलले जात होते. आठ केला, तरी तेच. मग मात्र मी इरेला पेटलो आणि सरळ चौसष्ट लिहिले. (सोळा जीबीच्या मशीनवर. म्हणजे अख्ख्या कारखान्याच्या शेडपेक्षा रॅक मोठी. पण आठाने काही बिघडलं नाही तर चौसष्टाने काय बिघडणार, असा माझा हिशोब होता.) चौसष्टानेही काही झालं नाही, आणि मी तो आकडा तसाच ठेवून गणपतीच्या वर्गणीच्या मागे लागलो. खरी गोष्ट अशी होती की हा एक आकडा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय लागूच होत नाही. सर्व्हर बिचारा दर वेळी ते आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, स्वच्छ लिहूनही ठेवत होता. लॉग वाचायचा असतो हे मला ठाऊक होतं. वाचायचं तेवढं राहून गेलं.

आणि मग तुम्ही नारळ घेऊन आलात.

दसऱ्याची सुट्टी संपली, सकाळी मी माळ बाजूला सारून सर्व्हर चालू केला. दिवे लागले, पंखा फिरला, पण डेटाबेस काही उठेना. त्याने चौसष्ट जीबी मागितले, मशीनने हात वर केले, तो पुन्हा आडवा. बाहेर टेम्पोंची रांग गेटपासून चहाच्या टपरीपर्यंत गेली. सादिका मॅडमनी त्या दिवशी मटारही आणले नव्हते, त्या नुसत्या हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसल्या, ते जास्त वाईट होतं. दौलतराव आले आणि म्हणाले, “दुसऱ्या शिफ्टपतुर चालू झालं तर झालं, न्हाईतर मी जयदीपला फोन करतो. आन् तू उद्यापास्नं स्टोअरला.” (जयदीप म्हणजे तो गुळगुळीत दाढी केलेला, जो दर महिन्याला मिठाई घेऊन येतो आणि सगळं क्लाउडवर न्या म्हणतो. तुम्ही त्याला पंख्याचा सेल्समन समजला होतात.) स्टोअरमध्ये काही वाईट माणसं नाहीत मामा, पण मी रात्रीच्या क्लासला जाऊन हे शिकलोय ते नट-बोल्ट मोजायला नाही. मी दाराला आतून कडी लावली आणि पहिल्यांदा लॉग वाचायला बसलो.

सगळं त्यातच होतं. दोन, चार, आठ, चौसष्ट, माझा एकेक प्रताप, आणि प्रत्येकाखाली तीच विनंती: बंद करून चालू करा. मी आकडा खाली आणला, मशीनच्या पाव भागावर, चारावर. सर्व्हर उठला. बाहेर टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवले (माझ्यासाठी नाही, चहावाल्याने रस्ता अडवला होता म्हणून, पण मी ते माझ्यासाठीच धरले). एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं, पण लेबल अजून सावकाशच येत होतं आणि मी हट्टाला पेटलो होतो. शोधता शोधता सापडलं. एका लेबलचा नंबर काढायला तो बाबा कंपनी सुरू झाल्यापासूनची सगळी लेबलं पहिल्यापासून चाळत होता! तुम्ही तुमच्या प्रेस शॉपमध्ये डायच्या (त्या जड लोखंडी साच्यांच्या) रॅकवर रंगाने नंबर टाकले होते ना, म्हणजे नवा माणूसही हवी ती डाय थेट उचलायचा? डेटाबेसमध्येही तशा पाट्या लावता येतात, त्याला इंडेक्स म्हणतात. तो कोणी लावलाच नव्हता. मी लावला. सादिका मॅडमनी बटण दाबलं आणि त्या नेहमीप्रमाणे मागे टेकायच्या आत लेबल बाहेर आलं. मग दुसरं, मग तिसरं, मग रोलच संपला. “अल्ला, थांबवा हो भाऊ, मला रोल बदलू द्या,” असं त्या ओरडल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी दारामागे जाऊन डोळे पुसून आलो.

दुसरी शिफ्ट लागायच्या आत शेवटचा टेम्पो गेला. दौलतराव आत आले, सर्व्हरसमोर उभे राहिले, चप्पल काढली आणि हात जोडले. मी मागे उभा होतो. “उद्धवरावांच्या हाताला गुण हाय,” म्हणाले. “एक दिस विसावा भेटला, नारळ भेटला, बघ कसा पळतोय.” मी रॅक सांगितली, पाट्या सांगितल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला प्रसादाचं खोबरं दिलं. मामा, मला फार वाईट वाटलं. तुम्हाला हे कळेल, कारण दौलतरावांची पहिली प्रेस तुम्ही लेव्हल करून बसवलीत आणि हार मशीनला घातला गेला, हे तुम्हीच मला किती वेळा सांगितलंय. शेवटी त्यांनी जाहीर केलं की जयदीपची गरज नाही. (मी खूश झालो.) आणि सर्व्हर आता देवाच्याच हातात असल्यामुळे माझीही गरज नाही, दिवाळीनंतर मी स्टोअरला. (खोबरं घशात अडकलं.) पण मी जाणार नाही. मागे हटायचं नाही हे मी तुमच्याकडूनच शिकलो.

मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याला तिळाचं तेल लावायला विसरू देऊ नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सुजित

ता. क. एवढंच करा की येत्या सोमवारी कंपनीत या आणि दौलतरावांना सांगा की काम नारळाने नाही, सुजितने केलं. तुमचा शब्द ते मानतात.

ता. क. २. बोलता बोलता चौसष्टाचा विषय निघालाच, तर ते मात्र ग्रहमान होतं म्हणून सांगा.

ता. क. ३. खरी अडचण आता सांगतो. दिवाळीनंतर आमची दुसरी लाईन सुरू होतेय. तिथले सगळे कॉम्प्युटर जोडायचे तर एकाच वेळी किती जणांना आत घ्यायचं, तो सर्व्हरमधला आकडा वाढवावा लागतो, नाहीतर निम्मे लोक दारातच अडकतील आणि बोल मला लागेल. आकडा मी लिहून ठेवलाय. (या वेळी तीनदा तपासून, आणि लॉगही वाचून.) पण तोही बंद करून चालू केल्याशिवाय लागत नाही, आणि दौलतरावांनी प्लगवर नवी चिठ्ठी लावलीय, लॅमिनेशनसकट: ‘खंडेनवमीशिवाय बंद करू नये.’ पुढची खंडेनवमी वर्षाने. विचारलं तर म्हणतात, “उद्धवराव सोता म्हणले तरच.”

म्हणून सोमवारी येताना हळद-कुंकू घेऊन या, नारळ मी आणून ठेवतो. मला फक्त पाच मिनिटं तो बंद हवाय. फक्त क्रम चुकवू नका, मामा. आधी नारळ फोडायचा, सर्व्हर उठला की मग सांगायचं, नारळाने काही होत नाही.