आमच्या घरातले भाव

मी, शेवटी सही करणारी, वय तेहतीस, अविवाहित, मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या डोक्यातली गाठ काढायची आहे. गाठ डोक्यात असल्यामुळे माझ्या बुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये, म्हणून ती ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची शक्यता किती, तेही डॉक्टरांनी सांगितले आहे. तो आकडा इथे देत नाही. त्याने वाटणीत फरक पडत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट हा विषय निघाला की आई उठून मोरीत जाते आणि नळ सोडते.

कलम १ : घर

माझ्या मालकीचे घर नाही. आई, बाबा आणि मी राहतो त्या दोन खोल्या भाड्याच्या आहेत आणि करार माझ्या नावावर आहे. माझ्यानंतर तो आईच्या नावावर करावा. घरमालकांनी तोंडी होकार दिला आहे. "नवीन नाव म्हणजे नवीन भाडं बरं का," असेही ते हसत म्हणाले. हसले तरी ते गंमत करत नव्हते, याची नोंद घ्यावी.

आतल्या खोलीतली खिडकीजवळची जागा मुळात बाबांची. माझे टेबल तिथे आल्यापासून ते पलंगाच्या कडेला बसतात आणि "इथंच बरं वाटतं" म्हणतात. टेबल काढून टाकावे.

कलम २ : हत्यारे

माझे स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, भिंग आणि डिजिटल कॅलिपर प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी मैत्रिणीला द्यावेत. तिच्या उंचीवरून तिला आम्ही सगळे मिलिग्रॅम म्हणतो. तिला ते आवडत नाही आणि ती हाक ऐकून ओही देते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिने ते मान्य केले आहे. मान्य करताना ती रडली. मी तिला पाणी दिले आणि पुढचा मुद्दा सांगितला.

कलम ३ : बाबांची पेन्शन

ही पेन्शन माझी नाही, त्यामुळे तिची वाटणी मी करू शकत नाही. पण ती समजल्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

बाबा एका कंपनीत तराजू दुरुस्त करायचे. दुकानातल्या छोट्या काट्यापासून गोदामातल्या मालमोटारी तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळे तपासायचे आणि बरोबर असेल तर शिक्का मारायचे. सकाळी एक वजन आणि दुपारी दुसरे दाखवणाऱ्या काट्याला ते 'चंचल' म्हणत. दुकानदार कितीही हातापाया पडला तरी चंचल काट्यावर बाबांचा शिक्का बसत नसे.

निवृत्तीच्या वेळी कंपनीने त्यांना दोन पर्याय दिले. एक पेन्शन लहान होती, पण दरवर्षी वाढणारी. दुसरी सुरुवातीला मोठी होती, पण आयुष्यभर तेवढीच राहणारी. बाबांनी दुसरी घेतली. हा हावरटपणा नव्हता. घरी येऊन ते आईला म्हणाले, "हलणारा आकडा घेऊन काय करू? एकदा जुळवला की मरेपर्यंत जागचा हलणार नाही, असा घेतलाय." आकडा जागच्या जागी राहील आणि दुसऱ्या पारड्यात मात्र रोज भर पडत जाईल, हे काटे तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती.

माझा मोठा भाऊ, दादा, वेगळा राहतो. तो आला की एकदा तरी म्हणणार, "कंपनीने तुम्हाला उल्लू बनवलं बाबा, आणि तुम्ही वर आभार मानून आलात." तेही वहिनीसमोर. यासाठी मी दादाला माफ केलेले नाही. त्याच्याबद्दल कलम ६ पाहावे.

कलम ४ : भाव

बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून ते जिना उतरलेले नाहीत. पेन्शन मी बँकेतून आणून त्यांच्या हातात देते. ते त्यातून भाड्याचे, दुधाचे, गॅसचे आणि औषधांचे पैसे वेगळे काढून मला देतात, आणि खर्च होऊन त्यातले जे उरते ते माझ्याकडून परत घेतात.

ते बाहेर जायचे बंद झाले त्या वेळचे सगळे भाव मी घरात कायम ठेवले आहेत. भाडे ते जुन्या दराने देतात. वरची रक्कम मी भरते. गोळ्यांच्या पाकिटांवरची छापील किंमत दिसणार नाही अशा बेताने मी प्रयोगशाळेतली लेबले चिकटवते आणि त्यांवर तारखा लिहिते. दूधवाला बाबांना दारातून ओरडून सांगतो, "काका, तुम्हाला जुनाच भाव!" औषधाच्या दुकानदाराने मात्र जुन्या भावाचे बिल द्यायला नकार दिला. ते योग्यच झाले. भाजी आई आणते आणि आईला सगळे ठाऊक आहे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती चाकूने अर्ध्या करताना मला दिसली, त्या दिवशी आम्ही दोघींनी हे ठरवले.

वर्तमानपत्रात महागाईची बातमी आली की बाबा ती मोठ्याने वाचून दाखवतात आणि म्हणतात, "लोक उगाच बोंबलतात. माझं भागतं. वर उरतं." दादा हे ऐकतो, त्यामुळे त्याने आजवर घरात काही दिलेले नाही.

माझी बचत मी माझ्या म्हातारपणासाठी ठेवली होती. ती सगळी आता या कामासाठी वापरावी. मिलिग्रॅमने दर महिन्याला घरी यावे, भाव आहेत तसे ठेवावेत आणि फरक माझ्या बचतीतून भरावा. बाबांना काही कळू देऊ नये.

ही बचत किती पुरेल याचा हिशेब मी तीन वेगवेगळ्या दरांनी केला. तो इथे जोडत नाही. तिन्ही हिशेबांत आईच्या आधी बचत संपते.

कलम ४ ची दुरुस्ती

वरील कलम मी मागच्या आठवड्यात लिहिले. आज ते रद्द करत आहे. ते न खोडता तसेच ठेवले आहे, कारण पुढची व्यवस्था का बदलली हे वाचणाऱ्याला कळायला हवे.

बाबांना मी एवढेच सांगितले होते की मृत्युपत्र लिहिते आहे आणि दोन साक्षीदार लागतात. ते चष्मा पुसून तयार झाले.

"आण इकडं. जन्मभर सह्याच केल्यात मी."

"तुम्ही चालत नाही, बाबा. ज्याला काही मिळणार असतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

"मग मला काही देऊ नको."

"बाबा..."

"अगं, मला लागतंय काय? माझं भागतं. तुझं जे असेल ते दादाच्या पोरीच्या नावानं कर, शिकेल ती. सही मी करतो. बापाची सही नको का पोरीच्या कागदावर?"

वकीलबाईंना मी विचारले होते. साक्षीदाराला दिलेले टिकत नाहीच, आणि त्याच्या जोडीदाराला दिलेलेही टिकत नाही. म्हणजे बाबांनी सही केली तर आईचेही गेले. हे मी त्यांना समजावून सांगत होते. तेवढ्यात ते पलंगाखाली वाकले आणि बिस्किटांचा जुना डबा ओढून काढला. त्यात नोटा होत्या, रबर लावून ठेवलेल्या. मी दर महिन्याला जुन्या भावाने हिशेब करून परत दिलेले उरलेले पैसे.

"तुझ्या दवाखान्याला," बाबा म्हणाले. "तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. काटकसर केली की होतं."

मोरीतला नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "त्या भावाला दूध मिळत नाही आता. कितीतरी वर्षं झाली."

बाबांनी तिच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. नंतर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. आधी काड्यापेटी, मग साबण, चहा, दूध, गोळ्या, गॅस आणि शेवटी भाडे. काटा तपासताना ते असेच करायचे, लहान वजनापासून मोठ्या वजनाकडे. आई प्रत्येकाचा खरा भाव सांगत गेली.

"शिक्का कोणी मारला?" त्यांनी विचारले.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी डब्याचे झाकण लावले. त्यानंतर ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर हे कलम लिहिणे सोपे गेले असते.

कलम ५ : रोख रक्कम देऊ नये

त्या दिवसापासून बाबा खऱ्या भावाने राहू लागले आहेत. वर्तमानपत्र त्यांनी बंद केले. दुपारी पंखा लावत नाहीत. सकाळचा दुसरा चहा "पित्त होतं" म्हणून सोडला. त्यांना पित्ताचा त्रास कधीच नव्हता. अर्धी गोळी उशीखाली सापडली. ताटात पहिल्यांदा वाढले जाते तेवढेच खातात आणि ताटात हात धुतात, म्हणजे आईला पुन्हा वाढता येत नाही. त्यांनी आजच्या दराने सगळे आपल्या पेन्शनमध्ये भागवायला घेतले आहे, आणि काटछाट करायला एकच जागा त्यांना सापडली आहे : स्वतःचे शरीर.

मी अजून जिवंत आहे, पगार अजून येतो आहे, तरी ही स्थिती आहे. यावरून पुढचा अंदाज करता येतो.

म्हणून मिलिग्रॅमने बाबांच्या किंवा आईच्या हातात रोख पैसे देऊ नयेत. बाबा ते खर्च करणार नाहीत, डब्यात ठेवतील. भाडे थेट घरमालकांना द्यावे. औषधाच्या दुकानात आगाऊ रक्कम ठेवावी आणि गोळ्या पूर्ण घरपोच मागवाव्यात. वर्तमानपत्राचे वर्षाचे पैसे एकदम भरावेत. पैसे भरले आहेत म्हटल्यावर ते वाया घालवणार नाहीत. डब्यातली रक्कम बाबांची आहे. दवाखान्याचे बिल माझ्या विम्यातून भागेल, असे मी त्यांना सांगितले आहे. हे खरे आहे. माझ्या बोलण्यावर आता त्यांचा विश्वास नाही, म्हणून विम्याचे कागद दाखवले.

बाबांनी या वयात पुन्हा काम शोधू नये, अशी माझी विनंती आहे. ती अट नाही. अट घातली तर ते सगळेच नाकारतील.

कलम ६ : दादा

दादाला मी पैसे, वस्तू किंवा दागिना यांपैकी काहीही देत नाही. माझ्याकडे दागिना नाही.

काल रविवारी तो मला भेटायला आला होता, मुलीला घेऊन. निघताना जिन्यात मी त्याला सगळे सांगितले. हेल्मेटचा पट्टा लावता लावता तो थांबला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"अगं, उरतं म्हणायचे ते! माझ्या तोंडावर म्हणायचे!"

"हो."

"मी त्यांना उल्लू म्हणत राहिलो, आणि तू मला म्हणू दिलंस." मग तो पायरीवर बसला. मुलगी खाली जाऊन गाडीचा हॉर्न वाजवत होती. "माझे हप्ते तुला माहीत आहेत, छोटी. पैसे म्हणशील तर लगेच काही... मी काय करू, ते तरी सांग."

मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. नंतर रात्रीची भांडी घासताना आई म्हणाली, "आज दोन वेळा भात घेतला त्यांनी." मग माझ्या लक्षात आले. दुपारी जेवताना दादाला भूक होती, त्याने पुन्हा मागितले. घरी आलेला मुलगा जेवत असताना बाबांना हात धुता येईनात. आईने दोघांना वाढले. बाबा जेवले.

तर दादाला उत्तर असे. दर रविवारी त्याने मुलीला घेऊन घरी जेवायला यावे. सामानाचे पैसे माझ्या बचतीतून जातील. त्याने हात हलवत येऊ नये. थोडी फळे आणावीत. बाबा त्यांचा भाव विचारतील, तो खरा सांगावा. 'घरून जेवून आलोय' हे वाक्य त्याने या घरात पुन्हा बोलू नये. कंपनीचा विषय काढू नये. पैसे संपल्यावर काय करायचे ते त्याने आणि वहिनीने तोपर्यंत ठरवावे. विचार करायला त्यांना मी जेवढा वेळ देऊ शकते, तेवढा दिला आहे.

जेवताना बाबांकडे पाहू नये. त्यांना ते कळते. स्वतःच्या ताटाकडे पाहून आईला म्हणावे, "आई, अजून वाढ." पोट भरलेले असले तरी म्हणावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. रद्द केलेल्या कलमासह ते माझेच आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

सही : (स्वतःची)

आमच्या दोघांच्या देखत तिने सही केली आणि तिच्या देखत आम्ही केली. आम्हा दोघांना या कागदाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १ : तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही)
साक्षीदार २ : वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)

ठिकाण : राहते घर, आतली खोली
दिनांक : ९ मार्च, सोमवार